कल्ले उचलून न दिसणारे

मासळीबाजारात मी अजूनही कल्ले उचलून पाहतो. लालभडक असले की मासा ताजा, हे आईने शिकवलेले. पारा मात्र असा दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. कालवणात शिजवून वा तव्यावर तळून तो जात नाही. पाण्यातले जीवाणू त्याचे मिथिल मर्क्युरी करतात आणि ते लहान माशातून मोठ्या माशात साठत चढते. म्हणून घरात कोणी गर्भवती असेल तर मुशी किंवा थोराड सुरमईपेक्षा तारली, मांदेली बरी.

जपानमधील मिनामाता गावी हे विष थेट चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून उपसागरात जात होते, 1932 पासून. आधी मांजरे वेड्यासारखी नाचून मेली, मग कोळ्यांची मुले आजारी पडली. 1 मे 1956 रोजी त्याची पहिली अधिकृत खबर दिली ती कारखान्याच्याच इस्पितळातील डॉ. होसोकावा यांनी. पुढे त्यांनी एका मांजराला कारखान्याचे सांडपाणी अन्नातून दिले. ऑक्टोबर 1959 मध्ये त्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीने हा निष्कर्ष दडपला.

आणि डिसेंबरमध्ये करार केला. जवळजवळ महिनाभर फाटकाशी बसलेल्या रुग्णांना ‘सांत्वना’ म्हणून पैसे: मृत्यूबद्दल 3 लाख येन, आजारी मुलाला वर्षाला 30 हजार. दोष आमचा नाही असे ठरले तर पैसे बंद. दोष आमचाच ठरला तरी नवी मागणी करायची नाही! बँकेत असताना ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांखाली मी स्वतः कितीतरी सह्या घेतल्या आहेत. समोरच्याला दुसरा मार्ग नाही हे टेबलाच्या अलीकडून स्पष्ट दिसते. त्यामुळे हे कलम वाचून मला नवल वाटले नाही, लाज वाटली.

सांडपाणी 1968 पर्यंत वाहतच राहिले. त्याच वर्षी सरकारने कारण मान्य केले. 1973 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने तो करार नीतिबाह्य म्हणून रद्द ठरवला.

पाऱ्याविषयीच्या जागतिक कराराला आज मिनामाताचेच नाव आहे; भारतानेही 2018 मध्ये तो स्वीकारला. पण खुद्द मिनामाताचे प्रकरण मिटलेले नाही. 2023 मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने आणखी 128 जणांना भरपाई देवविली. 1 मे 2024 रोजी पर्यावरणमंत्र्यांसमोर एक वृद्ध गृहस्थ आपल्या दिवंगत पत्नीविषयी बोलत होते. ठरलेली तीन मिनिटे संपताच अधिकाऱ्यांनी त्यांचा ध्वनिक्षेपक बंद केला. आठवडाभराने मंत्री पुन्हा मिनामाताला गेले, माफी मागायला.