ज्ञातीचा फंड चालतो, मग यांचा का नाही?

गेल्या आठवड्यात आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एकाने जुनीच बातमी पुन्हा टाकली आणि वर लिहिलं, "शेवटी मेरिट जिंकलं!" खाली टाळ्यांची रांग. मी गेली अठरा वर्षं अटलांटाजवळ राहतो. प्रकरण आमच्याच शहरातलं, म्हणून ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. लगेच "इथे राजकारण नको" असं आलं. टाळ्या वाजवणं राजकारण नाही, प्रश्न विचारणं मात्र राजकारण! असो. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी प्रकरण काय ते बघा. अटलांटात 'फिअरलेस फंड' नावाची संस्था आहे, कृष्णवर्णीय स्त्रियांनी काढलेली. अमेरिकेत नव्या उद्योगांना जे व्हेंचर कॅपिटल मिळतं, त्यातला एक टक्कासुद्धा कृष्णवर्णीय स्त्रियांपर्यंत पोचत नाही. म्हणून या फंडाने एक स्पर्धा ठेवली. ज्या धंद्यात किमान ५१ टक्के मालकी कृष्णवर्णीय स्त्रियांची आहे, अशा छोट्या धंद्यांना २०,००० डॉलरची मदत. सरकारचा पैसा नाही, कुणाची नोकरी काढून घेतली नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने यावर दावा लावला. हेच ते गृहस्थ, ज्यांच्या दुसऱ्या संघटनेने हार्वर्डविरुद्धचा खटला लढवला आणि जून २०२३ मध्ये विद्यापीठ प्रवेशातला वंशाचा विचार बंद पाडला. त्या खटल्यात पुढे कुणाला केलं होतं? आशियाई मुलांना. म्हणजे तुमच्या-माझ्या पोरांना.

आता कायदा कुठला वापरला ते ऐका. १८६६ चा नागरी हक्क कायदा! यादवी युद्ध संपून वर्षच झालेलं. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाला साधा करारही करू देत नव्हते. म्हणून काँग्रेसने लिहिलं की करार करण्याचा हक्क गोऱ्या नागरिकांना जसा आहे, तसाच सगळ्यांना असेल. तेव्हाचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. कारण काय दिलं? हा कायदा काळ्यांच्या बाजूचा आणि गोऱ्यांच्या विरुद्ध आहे म्हणे. काँग्रेसने तो नकार झुगारून कायदा केला. जॉन्सन तेव्हा हरले, पण दीडशे वर्षांनी त्यांचाच युक्तिवाद त्याच कायद्याच्या तोंडून बोलू लागला.

खालच्या कोर्टाने स्पर्धा थांबवायला नकार दिला. देणगी कुणाला द्यायची हेही एक प्रकारचं मतस्वातंत्र्य आहे, असं त्या न्यायाधीशांचं म्हणणं. पण जून २०२४ मध्ये वरच्या कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल फिरवला. स्पर्धेच्या नियमांमुळे हा करार होतो आणि करारात वंशाची अट चालणार नाही, असं म्हणून स्पर्धेला मनाई केली. ज्यांच्यावर 'अन्याय' झाला ते तीन धंदेवाले शेवटपर्यंत निनावीच. विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीश बाईंनी तर फुटबॉलमध्ये उगाच लोळणाऱ्या खेळाडूची उपमा दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये तडजोड झाली आणि स्पर्धा कायमची बंद.

आता तुमचा प्रश्न मला माहीत आहे. "उद्या कुणी फक्त गोऱ्यांसाठी फंड काढला तर चालेल का?" प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. माझं उत्तर असं: कायद्याची अक्षरं वाचली तर दोन्ही सारखे दिसतात, हे खरं. पण कुंपण घालणारा आणि कुंपणात पायवाट काढणारा, दोघंही कुंपणाला हात लावतात म्हणून दोघं एकच होत नाहीत. ज्यांच्याकडे नव्व्याण्णव टक्के आहेत त्यांना आणखी एक टक्का देणं म्हणजे समता नव्हे.

आणि आपण भारतीयांनी तरी हा प्रश्न नवा असल्यासारखा विचारू नये. आपल्याकडे तो १९५१ मध्येच येऊन गेलाय. मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने जातवार जागा रद्द केल्या. गंमत म्हणजे त्या बाईंनी कॉलेजात अर्जसुद्धा केलेला नव्हता! पण आपली संसद हात बांधून बसली नाही. बाबासाहेब कायदामंत्री असतानाच पहिली घटनादुरुस्ती झाली, कलम १५ (४) आलं.

देणगीचंही तसंच. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात एका विशिष्ट जातीपुरत्या धर्मादाय संस्थेला करमाफी नव्हती. पण पुढे स्पष्टीकरण होतं: अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्थेला ही आडकाठी नव्हती. दोन ओळींत फरक सांगितला. अमेरिकेच्या कोर्टाला जो करता आला नाही, तोच.

आता माझी गोष्ट. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा दर वर्षी आमच्या ज्ञातीच्या फंडातून मला पुस्तकांचे पैसे मिळायचे. अर्जात आडनाव आणि कुलदैवत विचारायचे. मार्क बेताचेच होते. वडिलांची नोकरी बरी होती, गरज अशी नव्हतीच. माझ्या वर्गात खरोखर उपाशी राहून शिकणारा मुलगा होता, त्याला तो अर्ज भरता येत नव्हता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज "मेरिट जिंकलं" म्हणणाऱ्यांपैकी किती जण ज्ञातीच्या वसतिगृहात राहिलेत, ते मला नावानिशी माहीत आहे.

आणखी एक. आपण इथे आलो ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे. त्याआधी आपल्यासारख्यांसाठी दार जवळपास बंदच होतं. ते उघडलं नागरी हक्क चळवळीच्या रेट्यात. मार खाल्ला त्यांनी, व्हिसा मिळाला आपल्याला.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला हे नातं दिसलं. आपल्याला अटलांटात राहून दिसू नये?

यंदा मंडळाच्या दिवाळीत देणगीची पेटी फिरेल, तेव्हा मी माझा वाटा शहरातल्या कृष्णवर्णीय मुलींच्या शिक्षणासाठी देणार आहे. कुणाला दावा लावायचा असेल तर खुशाल लावा. फक्त त्याआधी आपल्या ज्ञातीच्या फंडाची पावती शोधून ठेवा.