परतलेल्या सैनिकाची कविता कुठे आहे?

मराठी कवितेतला सैनिक घरातून निघतो, लढतो आणि धारातीर्थी पडतो. तो जिवंत परततो तेव्हा मात्र कविता त्याच्याकडे क्वचितच वळते. शाहीर अज्ञानदास, तुळशीदास यांच्या पोवाड्यांपासून १९६२च्या चीन युद्धानंतरच्या समरगीतांपर्यंत वीररसाची आपली परंपरा अभिमानास्पद आहेच. गदिमांचे ‘जिंकू किंवा मरू’ आजही शाळांच्या मैदानांवर घुमते. पण जिंकणे आणि मरणे याखेरीज आणखी एक गोष्ट युद्धात घडते: वाचणे. आणि मग पुढची चाळीस वर्षे ते युद्ध उशाशी घेऊन झोपणे.

मराठी गद्याने हे फार पूर्वी ओळखले होते. पानिपतावरून जीव घेऊन निघाले तेव्हा नाना फडणविसांना १९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या आत्मचरित्रात तो जीवघेणा प्रवास आहे, हरवलेली आई आहे. शौर्याचा आव कुठेही नाही.

इंग्रजी कवितेला ही वाट पहिल्या महायुद्धाने दाखवली. तोफांच्या माऱ्याने मन कोलमडलेल्या विल्फ्रेड ओवेनवर १९१७ मध्ये एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात उपचार झाले. तिथेच त्याला कवी सिगफ्रिड ससून भेटला. हातपाय गमावलेला तरुण, वेड्यांच्या इस्पितळात थरथरत बसलेले जवान ओवेनच्या कवितेत आले. बरा होऊन तो पुन्हा आघाडीवर गेला आणि युद्ध संपायला एक आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, पंचविसाव्या वर्षी मारला गेला. कवी आयव्हर गर्नी वाचला, पण १९२२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३७ पर्यंत, मनोरुग्णालयातच राहिला. तिथेही तो खंदकांच्या कविता लिहीत होता. युद्धातून जडणाऱ्या या मनाच्या आजाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आजचे नाव मिळाले ते १९८० मध्ये. त्याची लक्षणे कवींनी साठ वर्षे आधीच नोंदवून ठेवली होती.

त्याच युद्धात मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी अडकल्या होत्या. उपासमार झाली, २९ एप्रिल १९१६ला शरणागती आली, मग कैद. गावी परतलेल्यांच्या रात्री कशा गेल्या, हे मराठी कवितेने विचारले नाही. हे मोठे उणेपण आहे.

आपल्या ठाणे जिल्ह्यात दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी पुढे फाळणीच्या निर्वासितांचे उल्हासनगर झाली. युद्ध इथल्या जमिनीलाही माहीत आहे. आज डोंबिवली-कल्याणात बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा असलेला गृहस्थ बहुधा माजी सैनिक असतो. १५ ऑगस्टला त्याला शाल-श्रीफळ मिळते. तो काय पाहून आला, हे क्वचितच कुणी विचारते.

विचारायला ठाणे जिल्ह्याइतकी योग्य जागा नाही. १९०१ पासूनचे मनोरुग्णालय इथे आहे. १९९० पासून मनाच्या आरोग्यावर उघडपणे बोलणारी डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था इथलीच. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. २०१७चे साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले होते. या संस्थांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने माजी सैनिकांना बोलवावे. भाषणासाठी नव्हे, त्यांचे ऐकायला, लिहून घ्यायला आणि त्यांना लिहिते करायला. १९७१ला लढलेले जवान आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवे.