जुन्या मोटारीचा सौदा आणि माहितीचे मोल

मध्यमवर्गीय कुटुंबात जुनी मोटार घेण्याचा विषय निघाला, की चर्चा किमतीपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. वस्तुतः दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी स्वस्त की महाग, हे तिच्या किमतीवरून कळतच नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन याचे कारण उलगडून दाखविले. गाडीतील दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. साहजिकच घेणारा सर्वसाधारण गाडीचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीस चांगल्या गाडीचा मालक विकावयास राजी होत नाही आणि बाजारात सदोष गाड्यांचीच गर्दी वाढते. या विचाराचा गौरव २००१ च्या नोबेल पारितोषिकाने झाला. आपल्याकडील दलालांना मात्र तो न वाचताच पाठ होता!

तेव्हा ग्राहकाने आधी माहिती विकत घ्यावी, गाडी नंतर. विकणाऱ्याने सुचविलेला नव्हे, तर आपल्या विश्वासातील मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी खुशीने द्यावी. इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच काही लपविते. धूर निळसर निघाला, तर इंजिन ऑइल जाळीत आहे असे समजावे. गाडी मुंबईच्या अथवा कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेली असेल, तर आतील मॅट उचलून तळाचा पत्रा अवश्य पाहावा. मीटरवर कमी किलोमीटर दिसत असूनही ब्रेकच्या पेडलवरील रबर गुळगुळीत झालेले असेल, तर विश्वास रबरावर ठेवावा.

गाडी निवडताना ऐट बाजूस ठेवणेच श्रेयस्कर. अल्टो किंवा वॅगन आर यांसारखी रुळलेली गाडी तालुक्याच्या गावीही दुरुस्त होते. उलट एके काळची आलिशान गाडी पाव किमतीत मिळाली, तरी वयानुसार उतरते ती गाडीची किंमत. तिच्या सुट्या भागांची नव्हे. या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे अनेकांच्या दारात देखणी गाडी उभी असते आणि घरची माणसे रिक्षाने जातात.

खासगी मोटारीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांची असते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. चौदा वर्षांच्या गाडीचा सौदा करताना हा खर्च किमतीतून वजा व्हावयास हवा. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. हस्तांतराची नोंद झाली नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

परंतु सारा भार ग्राहकाच्या दक्षतेवर टाकणे न्याय्य नव्हे. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी मीटरचे आकडे नोंदविले जातात आणि ते कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्याकडे विम्याचे नूतनीकरण आणि मालकीचे हस्तांतर हे दोन प्रसंग आहेतच. त्या वेळी मीटरची नोंद सक्तीची करून ती नोंदणी क्रमांकावरून सर्वांना पाहता यावी. परिवहन खात्याची संगणकीय यंत्रणा उभी आहे; तीत एका रकान्याची भर घालावयाची आहे.