वस्तूंच्या गोष्टी : फेडोरा

१९८४ सालच्या ‘टेम्पल ऑफ डूम’मधला तो प्रसंग आठवतो? वरून दगडी दार खाली येतंय, इंडियाना जोन्स कसाबसा त्याखालून निसटतो आणि तरीही हात मागे घालून पडलेली हॅट ओढून घेतो! जिवापेक्षा हॅट प्यारी! तीच ही फेडोरा. माथ्यावर लांबट खाच, पुढे दोन्ही बाजूंना चिमटा काढल्यासारखा खळगा, भोवती रिबन आणि मऊ, वळवता येणारी कड.

आता गंमत ऐका. अशा रुबाबदार पुरुषी हॅटला नाव मिळालं ते एका राजकन्येचं. १८८२ साली पॅरिसला ‘फेडोरा’ नावाचं नाटक आलं. त्यातली राजकन्या फेडोरा झाली होती प्रसिद्ध नटी सारा बर्नहार्ट. नाटकाचं नाव हॅटला चिकटलं आणि आधी बायकाच ती हौसेने घालू लागल्या. पुरुषांमध्ये तिची चलती झाली ती १९२० नंतर.

फेडोरा होते फेल्टची. फेल्ट विणत नाहीत बरं का! लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतला की आटून घट्ट होतो ना? तसंच हे. ससा किंवा बीव्हर या प्राण्यांची लव वाफेवर, ओलाव्यात दाबत, चोळत राहिलं की केसात केस अडकून जाड कापड तयार होतं.

पण सशाची लव अशी सहजासहजी गुंतत नाही. म्हणून पूर्वी तिला पाऱ्याचं द्रावण लावायचे. त्याने लव गाजरासारखी नारिंगी व्हायची, खरखरीत व्हायची आणि काम सोपं व्हायचं. पण बंद खोलीत गरम वाफेबरोबर पाराही कारागिरांच्या छातीत जायचा. मग हात थरथरू लागत, हिरड्या सुजत, शांत माणूस चिडका होई, नाहीतर माणसांना बुजू लागे. अमेरिकेतलं डॅनबरी हे गाव हॅटसाठी प्रसिद्ध होतं. तिथे या दुखण्याला ‘डॅनबरी शेक्स’ असं नावच पडलं होतं! दुखणं माहीत होतं, कारण माहीत होतं. तरी अमेरिकेत फेल्टसाठी पारा वापरायला बंदी आली ती थेट १९४१ साली. तोवर कितीतरी हात थरथरत राहिले.

जुन्या फेल्ट हॅटमध्ये तो पारा अजूनही सापडतो. म्हणून संग्रहालयांत अशा हॅट हातमोजे घालून हाताळतात. तेव्हा पणजोबांच्या ट्रंकेत एखादी मिळालीच, तर लगेच डोक्यावर चढवून आरशापुढे धावू नका हं!