क्षमा चर्चची, न्याय राज्याचा

१७ जून २०१५ च्या संध्याकाळी अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल अभ्यासाला एक अनोळखी गोरा तरुण आला. भाविकांनी त्याला आपल्यात बसवून घेतले. प्रार्थनेसाठी त्यांनी डोळे मिटल्यावर त्याने नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. त्यांत पाद्री क्लेमेंटा पिंकनीही होते. दोनच दिवसांनी मृतांच्या काही नातलगांनी न्यायालयात मारेकऱ्याला क्षमा केली. ख्रिस्ती श्रद्धेचे इतके अवघड आचरण क्वचितच दिसते.

पण ही क्षमा कायद्याला पर्याय नव्हे. सूड सोडण्याचा अधिकार दुखावलेल्याचा. निरपराधांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य, आणि खुद्द नव्या करारातील पौलाची शिकवणही तीच आहे.

अमेरिकेत २००९ चा केंद्रीय द्वेषगुन्हे कायदा आला, तेव्हा अनेक ख्रिस्ती संघटनांनी विरोध केला. समलैंगिकतेवरील प्रवचनही गुन्हा ठरेल, अशी त्यांची भीती होती. धर्मस्वातंत्र्याची काळजी रास्तच, पण हा कायदा हिंसेला शिक्षा देतो, मताला नाही, आणि धार्मिक अभिव्यक्तीला त्यात स्पष्ट संरक्षण आहे. द्वेषाचा हेतू तपासता येत नाही, अंतःकरण फक्त देव जाणतो, हा आक्षेपही टिकत नाही. खून आणि अपघात यांतला फरक न्यायालये हेतू पाहूनच ठरवतात. शिवाय वंशद्वेषाची गोळी एकाला लागते आणि अख्ख्या वस्तीला धमकावते.

साउथ कॅरोलिनाने मात्र असा कायदा केला नाही. पिंकनी यांच्या नावाचे विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाले. पिंकनी स्वतः राज्याच्या ज्या सिनेटचे सदस्य होते, तिथे हे विधेयक अडले. राज्यातल्या गोऱ्या चर्चनेत्यांनी ते अडवणाऱ्या सिनेटरांना उघडपणे जाब विचारला पाहिजे.