अणुकेंद्राचा थेंब आणि एका गुणाचा प्रश्न

शाळेच्या पुस्तकातले अणुकेंद्र म्हणजे चिकटलेल्या रंगीत गोट्यांचा स्थिर गोळा. प्रत्यक्षात अनेक केंद्रे लांबट असतात, गरगर फिरतात, थरथरतात. रेडियम-२२४ चे केंद्र नासपतीच्या आकाराचे असल्याचे २०१३ मध्ये ‘सर्न’मधील प्रयोगांतून दिसले. इतके प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकजुटीने हलतात कसे, याचे गणित मांडताना शास्त्रज्ञ जे शिकले, ते वर्गापर्यंत अजून पोचलेले नाही.

१९३९ मध्ये नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी केंद्राला द्रवाचा थेंब मानून युरेनियमच्या विखंडनाचा अर्थ लावला. दहा वर्षांनी मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी जवळजवळ उलटे चित्र मांडले. त्यात प्रत्येक कण आपापल्या कक्षेत, बराचसा स्वतंत्रपणे फिरतो. २०, ५०, ८२ अशा कणसंख्यांची केंद्रे विशेष स्थिर का, हे थेंबाला सांगता येत नव्हते. कक्षांनी ते सांगितले.

मग खरे कोणते? १९५० मध्ये जेम्स रेनवॉटर यांनी सुचवले, की कक्षेतले कणच उरलेल्या केंद्राला ताणून लांबट करतात. नील्स यांचे पुत्र ऑगे बोर आणि बेन मॉटलसन यांनी कोपनहेगनमध्ये दोन्ही चित्रांची सांगड घालणारे गणित उभारले. ते पडताळताही येत होते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही समसंख्येत असलेले लांबट केंद्र फिरत असेल, तर त्याच्या पहिल्या दोन उत्तेजित पातळ्यांच्या ऊर्जांचे गुणोत्तर ३.३३ च्या जवळ यावे. गोल केंद्र नुसते थरथरत असेल तर २ च्या. एर्बियमच्या अनेक केंद्रांत ते ३.३ च्या आसपास भरते. या तिघांना १९७५ चे नोबेल मिळाले. असे मोजमाप गॅमा किरणांवरून होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पेलेट्रॉनवरही ते केले जाते.

परीक्षेत मात्र ‘योग्य प्रतिकृती कोणती’ या प्रश्नाला एकच उत्तर आणि एकच गुण असतो. दोन चित्रे शिकवली तर मुले गोंधळतील, असे शिक्षक म्हणतात. गोंधळतीलही, रेनवॉटर यांचा विचार त्याच गोंधळातून सुरू झाला. प्रत्येक प्रतिकृतीखाली ‘हिला काय सांगता येते, काय नाही’ एवढी एक ओळ पुस्तकात छापली, तरी मुले प्रतिकृती पाठ करण्याऐवजी वापरू लागतील.