पेडण्याची खारी हवा आणि विजेची वाहने

पर्यटकांना भाड्याने द्यावयाची नवी वाहने विजेचीच असावीत, असा मनोदय गोवा सरकारने 2023 साली जाहीर केला तो स्तुत्यच. परंतु अशा मोटारीच्या बॅटरीतील सुमारे 400 व्होल्टांचा दाब आणि तिचा धातूचा सांगाडा यांच्यामध्ये विद्युत्‌रोधक आवरण हाच मुख्य बंदोबस्त असतो, याची वाच्यता कोणी फारशी करीत नाही. दर व्होल्टामागे किमान 100 ओहम, म्हणजे एकंदर 40,000 ओहम रोध असावा, असा दंडक आहे. नव्या गाडीत तो कितीतरी पट अधिक भरतो. पण मोरजी-हरमलची क्षारयुक्त आर्द्रता, डिचोलीच्या खाणरस्त्यांवरची तांबडी धूळ आणि वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस एकदा का झिजलेल्या रबरी सीलातून जोडणीत शिरला, की तेथे ओलसर थर साचून प्रवाह झिरपू लागतो. पहिली गळती बहुधा निरुपद्रवी असते, आणि हीच तिची लबाडी. विरुद्ध ध्रुवाशी दुसरी गळती झाली म्हणजे सांगाड्यातूनच मंडल पुरे होते. रोध घटल्याचा समोरचा इशाऱ्याचा दिवा ‘पावसात लागतोच’ म्हणून दुर्लक्षिणारे चालक आपल्याकडे थोडे नाहीत! वाहतूक खात्याने पेडणे व डिचोलीच्या कचेऱ्यांत भाड्याच्या प्रत्येक विजेच्या गाडीचा रोध पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजून दप्तरी नोंदवावा, आणि ती नोंद असल्याखेरीज योग्यतेचा दाखला देऊ नये.